वेळ कोणती, तेवढं कळवा

मंडळी, ऐका. आजचं आख्यान पुराणातलं नाही, एका पत्राचं आहे. दोन वर्षांपूर्वी मला आलं आणि मी त्याला उत्तर दिलं नाही. पोथीत ठेवून दिलं. रोज पोथी उघडायची, पत्र बाजूला सरकवायचं आणि धर्म वाचायचा! असा मी. पुस्तकात तोंड घालून बसणारा माणूस. तुमच्याकडं बघून बोलायचं तर अजून जमत नाही, म्हणून डोळे मिटतो — आणि तुम्ही म्हणता, बुवांची समाधी लागली!

तर प्रश्न असा — कष्टाचे पैसे मागायला मुहूर्त लागतो का? हसू नका. मलाही नीट सांगता येत नव्हतं.

आपल्याच गावात, बसस्टँडच्या मागं, कांचन बिडवेचं ब्यूटी पार्लर होतं. एक खोली, एक खुर्ची, एकटी बाई. माझ्या पुतण्याच्या मुलीचं, सायलीचं लग्न झालं, तेव्हा नवरी तिनंच सजवली. सकाळपासून तीन साड्या, तीन वेळा केस, तीन वेळा चेहरा. जेवली की नाही, कुणी विचारलं? मी नाही विचारलं. मी मंगलाष्टकं म्हणण्यात गुंग होतो.

पाठवणीची वेळ झाली. कांचन सायलीच्या आईजवळ, म्हणजे आमच्या अर्चनाजवळ गेली.

"वहिनी, मी निघते. तेवढं माझं..."

"अगं, पोरगी सासरी निघालीय आणि तुला हे सुचतंय?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, सगळं आवरलं की लगेच देते."

"आणि अंबाडा बघ कसा बांधलायस! एका बाजूला कललाय. विहीणबाई बोलून दाखवतायत!"

"मघाशी आरशात बघून छान म्हणालात, वहिनी."

मंडळी, हे ती हळू आवाजात बोलली. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. ओरडली ती अर्चना! पाहुणे वळून बघायला लागले. अर्चना माझ्याकडं वळली — "अण्णा, तुम्हीच सांगा हिला!"

काय सांगायला हवं होतं मी? सांगा ना! पण सगळे माझ्याकडं बघत होते. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "ताई, शुभकार्य आहे. ही ती वेळ नव्हे."

तिनं पेटी उचलली आणि गेली.

आता गंमत बघा. बँडवाल्यांना पैसे आधी मिळाले. का? ते वाजवायचं थांबवतात! आचाऱ्याला मिळाले. तो भांडी अडवतो! ही बाई काय करणार? नवरीच्या तोंडावरचा रंग परत डब्यात भरणार? आणि माझं दक्षिणेचं पाकीट — नारळासकट, त्याच मांडवात, त्याच मुहूर्तावर माझ्या हातात पडलं होतं. तेव्हा नाही कुणाला अपशकुन झाला!

पुढं तिनं फोन केले. "देते म्हटलं ना!" मग फोन उचलणंच बंद. आणि गावात बोलणं सुरू झालं — ती कांचन ना, भर मांडवात पैशासाठी भांडते! लग्नसराईच्या तोंडावर एकेका घरानं तिला नाही म्हणून कळवलं. तेव्हा ते पत्र आलं.

"बुवा, पैसे बुडाले ते बुडाले. पण मी भांडले नाही, हे तुम्ही ऐकलंय. तुम्ही एकदा कीर्तनात बोललात तर गाव ऐकेल. नाहीतर दुकान राहत नाही. आणि तुम्ही म्हणालात, ही ती वेळ नव्हे. मग वेळ कोणती, तेवढं कळवा. मी तेव्हा मागेन."

दहादा लिहायला बसलो. वाटायचं, घरात भांडण होईल. वाटायचं, मला नीट ऐकू तरी आलं होतं का? तिचा आवाज चढलाही असेल! मंडळी, शंका घ्यायला मला फार आवडतं. शंकेच्या आड माणूस छान लपतो. मी लपलो आणि तिकडं पार्लरला कुलूप लागलं. आज तिथं मोबाईल दुरुस्त होतात. कांचन लातूरला दुसरीच्या पार्लरात पगारावर उभी असते.

अर्चना, उठू नकोस. बस, बाळ. तुझ्यापेक्षा माझं पाप मोठं आहे, तू नुसते तिचे पैसे ठेवून घेतलेस. आणि या बाजूच्या माउल्यांनो, ज्या भुवया कोरून घेऊन "पर्स घरी राहिली गं" म्हणत पायऱ्या उतरला असाल, त्यांनी हात वर करू नका. मला बघवणार नाही. पण तिच्याबद्दल जे बोललात, ते निदान आज घरी जाऊन परत घ्या. कांचन बिडवे भांडली नाही. हे मी इथं, डोळे उघडे ठेवून सांगतोय.

तिला उत्तर लिहिलं. "ताई, वेळ तीच होती. चुकलो मी. तू भांडली नाहीस, हे मी भर कीर्तनात सगळ्यांना सांगितलं आहे."

सांगितलं आहे — असं लिहिलं, मंडळी, सांगण्याच्या आधीच! कारण मी मला ओळखतो. तुमच्यासमोर आलो की पुन्हा डोळे मिटले असते. म्हणून इकडं यायच्या आधी पोस्टात गेलो आणि पत्र पेटीत टाकलं. मगच वीणा गळ्यात घातली.