नानांच्या हातचं भरीत

माझं माहेर धुळ्याकडचं, सासर जामनेरकडचं. लग्न होऊन आले तेव्हा माझं अहिराणीतलं शे-शे ऐकून जावा तोंडाला पदर लावून हसायच्या, आता काय सांगू तुम्हाला ताई, माझी बोली ना तिकडची राहिली ना इकडची. पुढं आम्ही जळगावला आलो, पिंप्राळ्यात खोली घेतली, मी शेवया-पापड करून द्यायची आणि नाना गोदामात हमाली करायचे. नाना म्हणजे आमचे मालक. पण त्यांना हमाल म्हणून कोणी ओळखायचं नाही, ओळखायचे ते भरितासाठी.

थंडी पडली की आपल्याकडे शेताशेतात भरीत पार्ट्या. मोठी हिरवी वांगी कापसाच्या काड्यांवर भाजायची, लाकडाच्या बडगीत मिरची-लसणासंगं ठेचायची, ते काम नानांचं. दारात गाडी उभी राहायची, चला नाना, तुमच्याबिगर जमत नाही. आणि जाळापाशी त्यांच्या उजव्या हाताला विटेवर भरलेला ग्लास. वांगं उलटवायचं, घोट घ्यायचा. लोक म्हणायचे, असं भरीत अख्ख्या खान्देशात नाही. मी नुसतं ऐकायची. पार्टी पुरुषांची, तिथं बायांना कोण बोलावतं? माझ्या वाट्याला त्यांच्या सदऱ्याचा धूर आणि तो वास. आधी दारू थंडीपुरती होती, मग बाराही महिने झाली. हातही उचलला माझ्यावर, हो, तेही लिहा, आता लपवून काय करायचं.

मग कावीळ झाली, दवाखान्यात ठेवलं. तिथली सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाली, मावशी, औषधानं कावीळ उतरेल, दारू नाही उतरणार, तुमच्याच पिंप्राळ्यात शाळेमागच्या गल्लीत दर गुरुवारी संध्याकाळी दारू सोडलेल्या लोकांची मिटिंग असते, फुकट असते, घरच्यांनाही बसू देतात. घरी आल्यावर नानांना सांगितलं तर म्हणे, मले काय झालं? मी काय बेवडा हाय का? आठच दिवसात परत सुरू.

म्हणून मीच निघाले. पण बोर्ड नाही, काही नाही, आणि विचारू कोणाला? दारूवाल्यांची मिटिंग कुठं म्हणून? बठ्ठा पिंप्राळा मला ओळखतो. मेथी आणायची पिशवी हातात धरून मी त्या गल्लीतून इकडून तिकडं तीन चकरा मारल्या. चौथ्यांदा वळले तर एक स्कूटरवाला थांबला, अक्का, मिटिंगला आल्या का? मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? तर तो हसला, माझी अम्मी पण अशीच फिरली होती, तिच्या हातात टिफिन होता. ते रफिकभाई, शिलाईचं काम करतात. जिना चढून वर नेलं. मला वाटलं होतं सगळे मान खाली घालून बसले असतील, तर इथं हसणं चाललेलं, चहा चाललेला. एक म्हातारा सांगत होता, मी माझ्याच लग्नात घोड्यावरून पडलो, आणि सगळे खो-खो. मी किती वर्षांनी हसले ताई, मग रडले.

दोन महिने एकटीच गेले. मग नानांना संशय. काय वं, म्हातारपणी दर गुरुवारी कुठी चालली, पिशवी रिकामी नेते अन् रिकामीच आणते? मी म्हटलं, या मागं, बघा. आले की खरंच! दाराबाहेर उभे, तोंडाला वास. आत रफिकभाई सांगत होते, मुलीच्या निकाहाला मी गटारीशेजारी पडलेलो, ती अजून फोटो दाखवत नाही मला. नाना तिथंच पायरीवर बसले. कोणी हात धरला नाही, उपदेश केला नाही, फक्त चहा नेऊन दिला. पुढच्या गुरुवारी माझ्याआधी चपला घालून तयार. मधे दोनदा घसरले, पण घसरले तरी गेले. मग दारू थांबली.

पण भरीतही थांबलं. बडगी माळ्यावर टाकली, गाडी आली की मागल्या दारानं निघून जायचे. म्हणायचे, तिच्याबिगर हात चालत नाही. त्या हिवाळ्यात माणूस नुसता भिंतीकडं बघत बसायचा.

वर्ष झालं तेव्हा मिटिंगमधल्या लोकांनी हट्ट धरला, एकाचं सावद्याला केळीचं शेत आहे, तिथं सगळ्यांनी घरच्यांना घेऊन यायचं, आणि नाना भरीत करतील. मी रफिकभाईंवर चिडले, धूर नाकात गेला आणि परत सुरू केली तर? ते म्हणाले, अक्का, घाबरतो तर मी पण. मी बसतो त्यांच्याजवळ.

काड्या पेटल्या. नाना जाळापाशी बसले. वांगं उलटवलं की हात आपोआप उजवीकडं, विटेकडं जायचा. रफिकभाईंनी तिथं चहाचा ग्लास ठेवला. संपला की भरायचा. नऊ-दहा ग्लास चहा प्याला असेल माणूस! ठेचून झालं, नानांनी चाखलं. म्हणे, मीठ कमी आहे, इतकी वर्षं कोणी सांगितलं नाही मले. मग मीठ घातलं, पुरीवर भरीत घेतलं आणि सगळ्यांसमोर आधी माझ्याकडं आणलं. खाय वं, सांग.

त्यांच्या हातचा तो माझा पहिला घास, ताई. तिखट इतकं की डोळ्यांतून पाणी, तर म्हणे, रडते कशाला? मी म्हटलं, मिरचीनं.

उद्याचं मी सांगत नाही, तेही सांगत नाहीत, आज नाही प्याले एवढं सांगते. बडगी खाली आली आहे. गुरुवारी नाना अर्धा तास आधी जातात आणि त्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहतात, कोणी बाई पिशवी घेऊन चकरा मारते का बघायला.