पडत्या बाजारात घेतलेली शेड

मंडळी, जरा सरकून बसा. मागं बायका उभ्या आहेत, त्यांना जागा द्या. मला सभेत बोलायची सवय नाय. शब्द सुचत नायत. पण सुनंदाताईबद्दल कुणीतरी बोलायला पायजे, आणि तिच्याजवळ जास्त मीच बसले.

मी मंदा. पेणला ताईच्या गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. आमचे हे रोह्याला केमिकल कंपनीत कामाला जातात.

मागच्या साली परदेशात मूर्ती पाठवणारा एक व्यापारी आला. म्हणाला, सगळा माल मलाच द्या, बाहेर मागणी दांडगी हाय. आळीतल्या सगळ्या कारखानदारांनी मान डोलावली. त्याच सुमारास रोह्याला ह्यांची एक शिफ्ट बंद झाली. कंपनीची परदेशातली गिऱ्हाइकं माल उचलत नव्हती. मी ताईला हे सहज सांगितलं. ती काम करता करता थांबली.

"मंदा गो, तिकडं परदेशात कारखाने बसत असतील, तर तिथले लोक मूर्ती कशानं घेतील?"

तिनं व्यापाऱ्याला अर्धाच माल कबूल केला. लोक तिला हसले. मग व्यापाऱ्याचा फोन लागेनासा झाला. शेजारचे दोन कारखाने बंद पडले. एकानं शेड विकायला काढली, मातीमोल. ती कुणी घेतली? ताईनं. अंगावरचं सोनं मोडून घेतली.

निलेश इथं समोर बसलाय. तिचा मुलगा. तेव्हा तो चिडला होता. "आई, मंदीत कोण पैसा गुंतवतं?"

ती म्हणाली, "स्वस्त मंदीतच मिळतं रे. पण आज स्वस्त हाय ते उद्या आणखी पडंल, हे मला कळतंय. भ्या वाटतंच. पण ह्या बायका कुठं जातील?"

बंद कारखान्यांतल्या बायका तिनं कामावर घेतल्या. मागं उभ्या आहेत ना, त्यातल्या कितीतरी त्याच.

त्या शेडमध्येच ती गेली. दुपारी मूर्ती वाळल्यात का बघत होती. टेकली, म्हणाली, पाणी दे गो. मी तांब्या घेऊन आले, तोवर मान कलंडली होती.

मंडळी, बरं दिवस आलं असं मी सांगणार नाय. शेड मोठ्या मूर्तींनी भरलीय आणि गिऱ्हाईक लहान मूर्ती मागतंय. रोह्याला दुसरी शिफ्टपण बंद होणार म्हणतात. काल एक माणूस शेड बघायला आला. ताईनं दिला त्याहून कमी भाव बोलला. निलेशनं आम्हा बायकांकडं बघितलं. मग त्याला म्हणाला, "ह्या हंगामात विकत नाय."

हंगाम सरल्यावर काय? त्याला ठाऊक नाय. मला नाय. तुम्हाला हाय?

आता सगळे उभे राहू या. थोडा वेळ कुणी काय बोलू नका.

ताई, उद्या सकाळी शेड उघडतो. पुढचं सांगता येत नाय. आमचा नमस्कार घे.