झाकण चिकटतं

नाही, तो कप्पा नाही — त्याच्या खालचा. वरच्यात मेणबत्त्या आणि काडेपेट्या आहेत, त्या मुद्दाम वर, मुलांचा हात पोचू नये म्हणून. बाकी सगळं खाली. तुम्हाला वाकावं लागेल, होईल सवय. हे कपाट मुलांच्या उंचीचं आहे, बाईंच्या नाही. हो, उद्यापासून चौथीचं विज्ञान तुमच्याकडे, तेव्हा कपाटही तुमचंच. मी? मी ग्रंथालयात. गुडघे धरतात हो माझे — खाली बसायचं, परातीत बोटी सोडायच्या, परत उठायचं, आता नाही झेपत. मोठ्या बाईंनी तुम्हाला हेच सांगितलं ना? झालं तर मग. गुडघेच.

ही परात बघून घ्या, हिला कडेला चीर आहे, अर्ध्याच्या वर पाणी भरलंत की सगळी फरशी ओली. हे वाटाणे. अर्धे खिडकीत ठेवायचे, अर्धे कपाटात, अंधारात. मुलं दरवर्षी पैज लावतात की अंधारातले उगवणारच नाहीत — आणि मग एके दिवशी दार उघडतात तर पांढराफटक लांबलचक कोंब. त्या वेळची त्यांची तोंडं बघा तुम्ही. त्या तोंडांसाठी मी इतकी वर्षं ह्या खोलीत काढली, नाहीतर काय आहे इथे, एक गळका नळ आणि ओल्या कापसाचा वास. आणि भिंतीवर ते लिहिलंय ना, वाचलंत? ‘आधी हात, मग तोंड, मग पेन्सिल.’ माझंच अक्षर आहे. वस्तू आधी हातात घ्यायची, मग शेजारच्याला सांगायचं काय झालं, आणि सगळ्यात शेवटी लिहायचं. पुसायचं असेल तर पुसून टाका. नाही, खरंच — तुमचा वर्ग आहे आता, मला वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल. पण पुसा.

खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगी बसते, दोन वेण्या, एक नेहमी सुटलेली. तिला आम्ही सगळे टिचकी म्हणतो. कारण हातात काहीही आलं की पहिल्यांदा त्याला टिचकी मारणार आणि कान लावून ऐकणार. पेला असो, लाकूड असो, शेजारच्या मुलाचं डोकं असो. एकदा मोठ्या बाई वर्गात आल्या तर त्यांच्या चष्म्याच्या डबीला मारून बघितली — ‘बाई, रिकामी आहे’ म्हणाली. चष्मा नाकावर होता ना. मी तोंड फिरवून हसले. वर्षभर डोकं उठवलंय तिने माझं, हे का आणि ते का. पण अशी एखादी असली ना, की बाकीचा वर्ग आपोआप जागा राहतो. असायची, म्हणजे. सांगते.

तुमचं प्रशिक्षण झालंय ना मूल्यमापनाचं? झालंय. मग तुम्हाला प्रात्यक्षिक चाचणी माहीत आहे. प्रत्येक मुलापुढे एक ट्रे, ट्रेमध्ये चुंबक आणि सहा वस्तू — खिळा, टाचणी, खोडरबर, लाकडी पट्टी, काचेची गोटी आणि स्टीलच्या डबीचं झाकण. मुलाने चुंबक लावून बघायचा आणि समोर लिहायचं, चिकटतं की नाही. सोपं आहे. अगदी सोपं. वरून समितीकडून उत्तरसूची येते, तिच्याशी ताडून गुण द्यायचे. आता सूचीत लिहिलं होतं — झाकण चिकटतं. आणि ट्रेमधलं झाकण चिकटत नव्हतं. बघा ना, ह्यात माझं काय चुकलं? स्टील-स्टीलमध्ये फरक असतो, काहींना चुंबक लागतो, काहींना नाही लागत, आणि समितीने जी नवी कोरी झाकणं पाठवली ती न लागणारी होती. माझ्या पोरांनी लावून बघितलं, झाकण खाली पडलं, त्यांनी लिहिलं, नाही चिकटत. अख्ख्या वर्गाने. आणि शेजारच्या तुकडीने लावून बघितलंच नाही — त्यांच्या बाईंनी आदल्या आठवड्यात उत्तरं घोटून घेतली होती — त्यांनी झाकणाला हात न लावता लिहिलं, चिकटतं. त्यांना पैकीच्या पैकी. आणि माझ्या वर्गाच्या निकालावर शेरा काय? ‘निरीक्षणात कच्चे.’ हसू येतंय ना? मलाही आलं होतं. पहिल्या दिवशी.

मला वाटलं, चूक आहे, सांगितली की सुधारतील. समितीत — समितीत एक गृहस्थ आहेत, सूची त्यांनीच केलेली, त्यांना मी ते झाकण नेऊन दाखवलं. ते आत गेले आणि स्वयंपाकघरातल्या जुन्या डब्याचं झाकण — म्हणजे त्यांच्या घरचं — घेऊन आले, त्याला चुंबक लावला, खटकन चिकटला. ‘हे बघ,’ म्हणाले. मी माझ्याजवळचं लावलं, पडलं. ‘हेही बघा,’ म्हटलं. दोघंही ओट्याशी उभे, दोन झाकणं आणि एक चुंबक. त्यांनी परत लावून बघितलं, परत पडलं. मग चुंबक बाजूला ठेवला आणि गॅसवरचं दूध उतरवलं. हो हो, आमच्याच ओट्याशी. कुठे लपवत बसू आता, उद्या चहाच्या सुट्टीत तुम्हाला कुणीतरी सांगेलच. माझा नवरा आहे तो. ज्यांनी तुमचं प्रशिक्षण घेतलं तेच. छान शिकवतात ना? आवाज चांगला आहे त्यांचा.

ह्या खोलीतच भेटलो आम्ही. ते तेव्हा इथले विज्ञानाचे सर, मी नवी, तुमच्यासारखी. हे खालचे कप्पे त्यांनी स्वतः ठोकलेत, सुट्टीत, हाताला फोड येईपर्यंत. मला पहिल्यांदा काय दाखवलं असेल? पाण्यावर सुई तरंगवून दाखवली. पेल्यात पाणी, त्यावर अलगद ठेवलेली सुई — आणि म्हणाले, पुस्तकात लोखंड बुडतं असं लिहिलंय, पण आधी पेल्यात बघा. त्या एका वाक्यावर मी लग्न केलं हो. आईने विचारलं, मुलात काय बघितलंस, तर मला सांगता येईना. सुई बघितली असं कसं सांगणार?

आणि तोच माणूस दूध उतरवून मला म्हणतो, सूची सगळ्या शाळांत गेली आहे, आता मागे घेतली तर समितीची शोभा होईल. एका झाकणासाठी? मी म्हटलं, झाकणासाठी नाही, पोरांसाठी. तर म्हणाले, पोरांना झाकणाचं काय पडलंय, त्यांना गुण हवेत, गुण मिळतील असं करू. त्यांचं समितीचं अध्यक्षपद ठरत होतं त्या दिवसांत. ते बोलले नाहीत, मीही काढलं नाही, पण दोघांनाही माहीत होतं. आणि दुसऱ्या दिवशी पत्र — ‘विशेष बाब म्हणून’ माझ्या वर्गाची फेरचाचणी. विशेष बाब. उपकार केल्यासारखं. खाली सही त्यांची, सकाळी माझ्यासमोर बसून चहा पिऊन गेले होते, चकार शब्द काढला नाही.

फेरचाचणीला तेच ट्रे, तीच झाकणं. मला वाटलं, निदान झाकणं तरी बदलतील. नाही बदलली. मी मागे उभी, बोलायची परवानगी नाही. टिचकीने झाकण उचललं, टिचकी मारली, ऐकलं. चुंबक लावला. झाकण पडलं. परत लावला, परत पडलं. मग तिने पेन्सिल घेतली आणि लिहिलं — चिकटतं. अक्षर नीट, अगदी रेषेवर. सगळ्या वर्गाने तेच लिहिलं. चाचणी संपल्यावर मी तिला विचारलं, तुला काय दिसलं गं? ‘पडलं,’ म्हणाली. मग लिहिलंस काय? तर मला समजावून सांगते, मीच लहान असल्यासारखी — ‘बाई, बाबा म्हणाले, पेपरात दिसेल ते नाही लिहायचं, बरोबर असेल ते लिहायचं.’ तिच्या बाबांचं तरी काय चुकलं? पोरीचे गुण गेले होते, त्यांनी वाट दाखवली. मी तिची सुटलेली वेणी बांधून दिली आणि जा म्हटलं.

निकाल लागला, वर्ग पहिला. मोठ्या बाईंनी सभा घेतली, समितीचे नवे अध्यक्ष पाहुणे — हो, तेच — आणि टाळ्या वाजल्या. माझ्या नावाने वाजल्या. मला तिथे बसवेना. उभी राहिले आणि म्हणाले, हे गुण खोटे आहेत, ह्या मुलांना आम्ही डोळे मिटायला शिकवलं. जास्त नाही, एवढंच बोलले. आणि हे माइकवरून म्हणतात, ‘मॅडम जरा भावनिक झाल्या आहेत, त्यांना विश्रांतीची गरज आहे.’ मॅडम. इतकी वर्षं संसार केला मी ह्या माणसाशी, त्याच्या आईचं सगळं केलं, त्याच्या शर्टाची बटणं लावली — आणि मी मॅडम. त्या संध्याकाळी घरी आला आणि विचारतो काय, गरम पाण्याची पिशवी कुठे ठेवलीस, कंबर दुखतेय. दिली. काढून दिली हो, भरून दिली, टॉवेलात गुंडाळून दिली. नसती दिली तर काय केलं असतं, भांडले असते? भांडायला समोर माणूस लागतो. आता मुलीच्या रिकाम्या खोलीत झोपते मी, ती शिकायला बाहेर असते. तिला फोनवर सांगितलंय, बाबा घोरतात. तिला घोरणं सांगितलं, तुम्हाला गुडघे सांगितले. माझं दुखणं दरवेळी जागा बदलतं बघा.

पण हे सगळं जाऊ दे. घर माझं मी बघेन, ग्रंथालयातही काही वाईट नाही, खुर्ची आहे, पंखा आहे. मला लागलं ते वेगळंच. परवा मी शेवटचा तास घेतला. साधी कृती — मीठ पाण्यात विरघळतं की नाही, आणि वाळू. दोन पेले, एक चमचा, ज्याने त्याने करून बघायचं. सगळ्यांचे पेले खळखळायला लागले. टिचकीपुढचे दोन्ही पेले जसेच्या तसे. हात मांडीवर. वही उघडी, पेन्सिल टोक करून तयार, आणि माझ्याकडे बघतेय. म्हटलं, अगं ढवळ की. तर विचारते, ‘बाई, काय लिहायचं ते आधी सांगा ना.’ टिचकीसुद्धा मारली नाही पेल्याला. एकदाही नाही. मला रडू आलं, वर्गात, चाळीस पोरांसमोर, मी नळ सोडला आणि तोंड धुतलं. तेव्हा तुम्हाला एवढंच सांगायला थांबले होते मी, बाकी सगळी बडबड झाली — तिला परत हात लावायला शिकवा. तिच्याकडून काही लिहून घेऊ नका महिनाभर, शेरे येऊ देत आले तर. नुसती खेळू दे. तुम्ही कराल ना? तरुण आहात, तुमचं इथे कुणी नवराबिवरा समितीत नाही. तुमच्यावर सोपवून जाते म्हणजे मला झोप लागेल.

थांबा, एक शेवटचं. हे घ्या, पर्समध्येच ठेवलंय मी — ते झाकण. नवं की घरचं ते सांगत नाही. आणि हा चुंबक, जोरात आहे, बोटं सांभाळा. आता सांगा मला, चिकटेल का?

अहो, एवढा कसला विचार करताय... नाही, परीक्षा नाही घेत तुमची, सहज विचारलं. ते काय काढताय पिशवीतून? प्रशिक्षणाची पुस्तिका? राहू दे ना ती... बरं, बघा. मागच्या पानावर आहे, चौथी, चुंबक. सापडलं?

‘सर म्हणाले होते, चिकटतं.’

चुंबक तुमच्या हातात आहे, बाई.

नाही, काही नाही. काही चुकलं नाही तुमचं. द्या ते झाकण इकडे. किल्ली खुंटीला आहे, नळ घट्ट बंद करा, नाहीतर रात्रभर गळत राहतो. आणि जाताना दार ओढून घ्या, मी बसते जरा वेळ.