वाघ आधीच मेला

तुम्हाला आमच्या अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, वाचनाची गंमत सांगते. निजामाच्या राजवटीत आमच्या कोहिनूर गावाला एक लहानसं वाचनालय निघालं होतं. दर शुक्रवारी सुट्टीला आई-बापांनी पोरं घेऊन यायचं आणि एकानं सगळ्यांना गोष्ट वाचून दाखवायची, असा गुरुजींनी पायंडा पाडला होता. माझा धाकटा भाऊ शिवा मात्र गोष्टीत वाघ आला की उठून बाहेर पळायचा.

एका शुक्रवारी अप्पांची पाळी आली. अप्पा तहसिलीत कारकून होते. शाळा उर्दूत झालेली, दिवसभर लिहिणंही उर्दूत. उर्दू पुस्तक उजवीकडून उघडतं, त्या सवयीनं त्यांनी मराठी पुस्तक मागच्या बाजूनं उघडलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "अशा रीतीने तो दुष्ट वाघ खड्ड्यात पडून मेला."

सगळे हसले. गुरुजी म्हणाले, "अप्पा, उलटं उघडलाव की! गोष्ट तिकडून सुरू हाय."

अप्पांचे कान लाल झाले. मला तर रडूच आलं. त्यांनी मुकाट्यानं पुस्तक फिरवलं आणि पहिल्यापासून वाचायला लागले. वाघानं डरकाळी फोडली, तशी पोरं आयांना बिलगली. मी शिवाला धरायला वळले, तर तो मांडी घालून जागेवरच बसलेला.

"भिऊ नका रे," तो ओरडून म्हणाला, "ह्यो शेवटी मरतोय!"

पुढच्या शुक्रवारी गुरुजी स्वतः वाचायला बसले, तर पोरांनी गलका केला, "गुरुजी, आधी वाघ मरतोय का न्हाई ते सांगा, मगच बसतो!"