ताटं हलवणारी सीडी

हसा, पण ऐका. भूकंपात घर पडल्यावर आम्ही लातुरात क्लासच्या पोरांसाठी खानावळ काढली. वर फिजिक्सचे सर भाड्यानं राहायचे. एका दुपारी मांडणीवरची ताटं थरथरली. मी ओरडले, "भूकंप! पळा!" पोरं खरकट्या हातानं रस्त्यावर.

सर खिडकीतून म्हणाले, "मावशी, भूकंप नाही, माझा स्पीकर आहे!"

विलायती सिंफनी, त्यात भला मोठा ऑर्गन, पेटीसारखा पण खर्जात घुमणारा. तिच्याच दोन वेगळ्या वाद्यवृंदांच्या सीडी लावून कोणती सरस, ते बघत होते.

"ताटं हलवती ती फेका!"

"मावशी, तीच तर सरस आहे, खर्ज तिच्यातच पुरा उतरलाय."

तरी त्या दिवसापासून सरांनी दुसरीच लावली. लातुरात हुशार सर लई हायत, पण माझ्या भूकंपाच्या धास्तीपायी कमी गोडीचं ऐकणारे हेच. तव्यावरची पहिली भाकरी अजून त्यांचीच.