ह्यांचं पथ्य

...नाही नाही, साल काढायची नाही. बाई, आधीच सांगून ठेवते, या घरात सफरचंदाची साल निघत नाही — सालीसकट उकडायचं, सालीसकट वाटायचं. सत्त्व सगळं सालीतच असतं. तुमच्या आधीच्या बाईलाही पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं. ती का गेली? गेली नाही, मी घालवली. सांगते ना, सगळं सांगते, तुम्ही तोवर ती गाजरं धुवा. हात चालू राहू देत — काम बघूनच मी ठरवणार आहे.

तर पाकिटातलं काही नाही. डबाबंद नाही, बाटलीतलं नाही, पांढरा पाव नाही, साखर नाही. धान्य अख्खं आणायचं, आपण दळायचं, कोंडा टाकायचा नाही. मीठ चिमूटभर, तेही मी घालणार, तुम्ही नाही. ह्यांना पक्षाघात झाल्यावर डॉक्टरांनी कागदच दिला होता — रक्तदाब इतका, साखर तितकी, वजन बघून तर नर्सच हसली होती. आज दोन वर्षं होतील. आणि आता रिपोर्ट बघा, त्या खिडकीपाशी लावून ठेवलेत मी. साखर नॉर्मल. रक्तदाब नॉर्मल. गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, “ह्यांचं हृदय तरण्याबांड माणसासारखं झालंय, वहिनी, कमाल केलीत, अजून पंधरा वर्षं बघायला नको.” ते ऐकून हे रडले. ढसाढसा रडले हो, खुर्चीत बसल्या बसल्या. आनंदानं. दुसरं काय असणार?

बोलता येत नाही त्यांना. उजवी बाजू गेली ती गेलीच. एकच शब्द येतो — “बास”. पाणी हवं असलं तरी बास, खिडकी उघडायची तरी बास. तुम्हाला होईल सवय. समजतं मात्र सगळं, हां! डोकं शाबूत आहे. तेच तर बरं आहे ना.

ह्यांची नोकरी काय होती म्हणता? पाकिटंच विकायचे. शेव, बिस्किटं, झटपट शेवया, लाल-पिवळी सरबतं — कंपनीचे सेल्समन, गाडीभर माल घेऊन दुकानोदुकानी फिरायचे. घरात खोकीच्या खोकी. मी सकाळी उठून सगळा स्वयंपाक करायचे, ताट वाढायचे, आणि हे समोर बसून पाकीट फोडायचे. तो आवाज आहे ना, पाकीट फाटण्याचा — चर्र — तीस वर्षं ऐकला मी. भाजी ताटात निवत पडलेली आणि हे कुडुम् कुडुम्. मी काही बोलले की म्हणायचे, “तुझ्या हाताला चव असती तर कंपनी कशाला चालली असती?” लेकीलाही तीच सवय. बापलेक हसायचे माझ्यावर. मी पण हसायचे. करणार काय?

माझी आई आली होती एकदा. एकदाच. माझं बाळंतपण होऊन महिना झाला होता. ती म्हणाली, जावई दमून येतात, आज मी रांधते. परसातली पालेभाजी, मोड आलेलं कडधान्य, गरम गरम सगळं — दुपारपासून राबत होती, गुडघे दुखत असताना. ह्यांनी ताटाकडे बघितलं. म्हणाले, “हे काय, गुरांचं?” आणि तिच्यादेखत ताट सरकवून उठले, शेवयांचं पाकीट फोडलं, उभ्यानंच खाल्लं. आईनं ताट झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेली. मग कधी आली नाही, बोलावलं तरी आली नाही, आणि एक दिवस ती गेल्याचा निरोपच आला. जाऊ दे. कशाला सांगत बसलेय मी हे? जुनं झालं. मी मनात धरत नाही काही.

गाजर बारीक चिरा. गुठळी राहिली की ठसका लागतो.

...अहो, ते कपाट नाही! पीठ खालच्या डब्यात आहे. आता उघडलंतच तर बघा. बिस्किटंच आहेत. माझी. मला कुठे साखर आहे? चहाबरोबर घेते मी दोन. तिथेच, त्यांच्यासमोर — नाहीतर दिवसभर एकटे बसतात बिचारे, तेवढीच सोबत. पाकीट फोडलं की मान वळते त्यांची. एरवी एवढी मान वळत नाही, व्यायाम घेणारा येतो तोसुद्धा म्हणतो. म्हणजे व्यायामच झाला की नाही?

डॉक्टर? डॉक्टर म्हणाले होते, दुधात भिजवून एखादं कधीमधी दिलं तरी चालेल. डॉक्टरांचं काय जातंय बोलायला? पथ्य म्हणजे पथ्य. आधीचीनं तेच केलं ना — मी बाहेर गेलेली बघून भरवलं. मला कळलं कसं? ह्यांच्या दाढीत बिस्किटाचा कण सापडला. एवढासा. त्याच पावली हाकलली. आणि लेकीनं केक आणला होता, बापाचा वाढदिवस म्हणून. मी दारातच पर्स उघडायला लावली. म्हणाली, “आई, तू त्यांना जगवतेयस की छळतेयस?” म्हटलं, बाई गं, रिपोर्ट वाच. तेव्हापासून येत नाही ती. ह्यांना मी सांगितलंय की तिला वेळ नसतो. हे रविवारी दाराकडे तोंड करून बसतात — बसू देत. खुर्ची फिरवायचा त्रास कोण घेतो?

चला, झालं का वाटून? वाटी घ्या. या आत. हे बघा, आमचे हे. अहो, नवीन बाई आल्यात, नीट वागा. बसा बाई तिथे, त्यांच्या डाव्या बाजूला. अर्धा चमचा भरायचा. हां. उघडत नाहीत? उघडतील. नाक धरा. धरा की — चिमटीत, हळूच. श्वासासाठी तोंड उघडतंच, तेवढ्यात चमचा आत. मी रोज करते. असं काय बघताय माझ्याकडे? लहान मुलांना नाही का औषध पाजत?

ते “बास” म्हणतात तिकडे लक्ष देऊ नका, सांगितलं ना, एकच शब्द आहे त्यांचा. हात सोडवून घ्या तुमचा. डाव्या हातात जोर आहे अजून, ते सगळं ह्या अन्नाचं. सोडवा म्हणते ना. तुम्ही कशाला त्यांचे डोळे पुसताय? कुणी सांगितलं तुम्हाला? ते त्यांचे आपोआप वाहतात. आजार आहे तो.

काय म्हणालात? परत म्हणा.

माझ्या आईचं नाव घ्यायचं नाही तुम्ही. ती काय म्हणाली असती ते मला विचारताय? तिच्या हातचं ह्यांनी एक घास खाल्ला नाही — एक घास! — आता तेच खातायत तिन्ही त्रिकाळ, पालेभाजी आणि कडधान्य, मीठसुद्धा चिमूटभरच, आणि खातील, पंधरा वर्षं खातील, वीस वर्षं खातील, मी मरू देणार नाही त्यांना —

वाटी इकडे द्या. नाही जमायचं तुम्हाला. तुमच्या चपला उजवीकडे आहेत, दार ओढून घ्या जाताना.

अहो. आ करा.