नट आमच्या बाजूला

नागेश: हा न्हाई आई, मोठा पान्हा दे.

पलीकडून: ए, कोण ठोकतंय रे तिकडं पत्र्यावर?

पंचफुला: ठोकायलो न्हाई. काढायलोत.

पलीकडून: कोण तुम्ही?

पंचफुला: आवाज वळखला न्हाई व्हय, दिनकरराव? सकाळी तुमचीच भांडी घासून आले की.

दिनकरराव: पंचफुलाबाई? अहो, पत्रा कशाला काढता? कोरोनात लावलेला आहे तो.

पंचफुला: कोरोना गेला. पत्रा ऱ्हायला. तवा पेशंट निघाला तुमच्या कॉलनीत, अन् पत्रा लागला आमच्या गल्लीच्या तोंडाला.

दिनकरराव: जुनं उकरू नका. आता इथं सगळ्यांना शांततेची सवय झालीय. उद्या विटा येतायत, पक्की भिंतच होतेय.

पंचफुला: म्हणून तर आजच. माझ्या सुनंला, बबिताला, दिवस भरलेत. दवाखाना तुमच्या कोपऱ्यावर, अन् आमाला नाल्यावरून वळसा. तिकडून रिक्षा आत शिरत न्हाई. जयंतीची मिरवणूक बी नाल्यावरून न्यायलोत, ते सोसलं. पण शेजारच्या राजेश्रीला बाजंवर टाकून न्यावं लागलं. नाल्याच्या कडंलाच बाळंत झाली ती, चिखलात.

दिनकरराव: ते… कानावर आलं होतं. तुम्ही अर्ज द्या ना.

पंचफुला: देऊन देऊन थकलोत.

दिनकरराव: मी मीटिंगमध्ये मांडतो.

पंचफुला: पोटातलं लेकरू मीटिंगीला थांबतंय व्हय?

नागेश: वरचे निघाले, आई.

दिनकरराव: निघाले? नट तुमच्या बाजूला कसे?

नागेश: काका, पत्रा म्याच बसवलाय. लॉकडाऊनात दुसरं काम कुठं होतं? आपल्याच गल्लीचं तोंड आपल्याच हातानं बंद केलं. घर हिकडं, म्हणून हिकडूनच आवळलं. तिकडून आवळलं असतं तर म्याच बाहेर ऱ्हायलो असतो की, भाकर खायाला नाल्यावरून वळसा घालावा लागला असता.

पंचफुला: तवा लय शिव्या घातल्या म्या ह्याला.

दिनकरराव: पंचफुलाबाई, शेवटचं सांगतो. हे थांबवा. नाहीतर उद्यापासून कामाला येऊ नका.

पंचफुला: बरं.

दिनकरराव: बरं काय?

पंचफुला: बरं म्हंजे बरं. दुसरं घर बघते. नागेश, खालचा घे.

नागेश: लय गंजलाय… थांब… फिरला!

दिनकरराव: अरे, अरे! इकडे पडेल तो! माझ्या अंगावर!

पंचफुला: मग सरका. न्हाईतर धरा.

नागेश: आई.

पंचफुला: काय रे?

नागेश: पत्रा पडंना. तिकडून धरलाय.

पंचफुला: मग हळू सोड. कडंनं हात कापंल त्यांचा.